नानखटाईवाल्या खाला

खालांना नानखटाई भाजली गेल्याचं कानाने कळायचं. जाड बुडाच्या पातेल्यात वाळू, वाळूवर लोखंडी जाळी, जाळीवर बिस्किटांची थाळी, वर झाकण आणि झाकणावर लाल निखारे, अशी त्यांची भट्टी होती. तिच्याजवळ पाट घेऊन त्या बसायच्या, मान एका बाजूला कलती करायच्या आणि डोळे मिटून घ्यायच्या. "आत तूप बोलतंय अजून," म्हणायच्या. मला आधी काहीच ऐकू यायचं नाही. मग फार बारीक चुरचुर कानावर यायची, लांब कुठेतरी कुणी कागद चुरगाळत असल्यासारखी. ती चुरचुर थांबली की खाला डोळे उघडायच्या. "गप झालं. काढ." झाकण दूर केलं की आत बदामी रंगाच्या, वर नीट भेगा पडलेल्या नानखटाया बसलेल्या असायच्या. त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. ते गेल्यावरही त्यांच्या खोलीत भिंतीवर अकरा घड्याळं होती, आणि एकही दुसऱ्याशी जुळत नव्हतं. खालांनी त्या घड्याळांकडे बघून कधी काही भाजल्याचं मला आठवत नाही.

पनवेलच्या जुन्या भागात, तळ्याकडून बाजाराकडे येणाऱ्या एका गल्लीत आम्ही राहायचो. खालांचं आणि आमचं घर यांच्यात एकच भिंत होती. त्यांचं नाव हमीदा, पण ते मला कळलं तेव्हा मी आठवीत होते. सगळी गल्ली त्यांना खालाच, म्हणजे मावशी, म्हणायची, आमच्या शेजारचे जोशी आजोबासुद्धा. माहेर चिरनेरकडचं, त्यामुळे बोलणं गावाकडचं होतं, त्यात उर्दूची पेरणी. दिवाळीच्या आधी आई मैदा, तूप, साखर त्यांच्याकडे पोचवायची आणि मला मदतीला बसवायची. मदत म्हणजे गोळे वळायचे. माझे गोळे लहानमोठे व्हायचे. खाला ते मोडायला सांगायच्या नाहीत. सगळे लहान एका थाळीत आणि मोठे दुसऱ्या थाळीत लावायच्या आणि म्हणायच्या, "ज्याला त्याला आपल्या मापाची सोबत मिळाली म्हंजे कुणी करपत नाय."

नानखटाईला भेग पडलीच पाहिजे, हा त्यांचा सर्वांत मोठा आग्रह. वरून गुळगुळीत नानखटाई त्यांना आतल्या गाठीच्या माणसांसारखी वाटायची. "भेग पडली की कळतं आत काय हाय. नाय पडली तर तिच्यावर भरवसा काय ठेवायचा?" बेकरीतली बिस्किटं कुणी आणून दिली, तर त्या मान हलवून खायच्या, दोष काढायच्या नाहीत. फक्त शेवटी "मुकी हाय बिचारी," एवढं म्हणायच्या.

प्रदर्शनाचं खूळ या भेगेवरूनच सुरू झालं. जानेवारीच्या शेवटी तालुक्याचं कृषी प्रदर्शन भरायचं. हातभर लांब दुधी, भाताच्या लोंब्यांच्या जुड्या, वालाच्या शेंगांचे ढीग, शिंगं रंगवलेले बैल, आणि एका बाजूला बायकांसाठी तंबू. त्यात घरी केलेले पदार्थ आणि हस्तकला यांच्या स्पर्धा असायच्या. मी डी.एड.ला होते तेव्हा खालांना बघायला घेऊन गेले. तंबूत एका ताटलीत नानखटाया होत्या, शेजारी पहिल्या क्रमांकाची चिठ्ठी. खाला वाकल्या, चष्मा सावरला, बराच वेळ बघत राहिल्या. बिस्किटांवर एक भेग नव्हती.

"हिला पयला नंबर?" त्या मला हळूच म्हणाल्या. "ही तर तोंड मिटून बसलीय." घरी आल्यावर बुरखा काढून खुंटीला लावताना म्हणाल्या, "बाय, पुढल्या साली माजा फॉर्म भर."

खालांना उर्दू लिहिता-वाचता यायचं. मराठी वाचता यायचं ते एसटीच्या पाटीपुरतं. त्यामुळे फॉर्म भरायचं काम माझ्याकडे आलं आणि पुढे आठ-नऊ वर्षं माझ्याकडेच राहिलं. तो एक सोहळाच असायचा. त्या हात धुऊन, डोक्यावरून ओढणी घेऊन समोर बसायच्या, जणू मी निकाहनामा लिहिते आहे. व्यवसायाच्या रकान्यात मी 'गृहिणी' लिहायला लागले, तर म्हणाल्या, "ते सगळ्याच असतात. लिव, बिस्किटं करते." शेतजमिनीच्या रकान्यापाशी मी थांबले. "खिडकीत पुदिना हाय," त्या म्हणाल्या. मी हसले, त्यांनी मात्र गंभीरपणे विचारलं, "का? मी पेरलाय, मीच खुडते. लिव." मी लिहिलं. नोंदणीच्या टेबलावर बसणाऱ्या नानांनी ते वाचलं, चष्म्यावरून खालांकडे बघितलं आणि म्हणाले, "पाणी व्यवस्थित देता ना पिकाला?" खाला म्हणाल्या, "रोज देते." नानांनी शिक्का मारला. त्या दोघांची ओळख ती.

नाना ओवे गावचे. कधीकाळी भातशेती होती, ती गेली, आणि शेतांच्या जागी खारघरच्या इमारती उभ्या राहिल्या. प्रदर्शनाचं नोंदणीचं रजिस्टर मात्र कैक वर्षांपासून नानांच्याच हातात होतं. तांबड्या कापडाच्या बांधणीचं ते रजिस्टर ते स्वतःच्या पिशवीतून आणायचे आणि स्वतःच परत न्यायचे. कुणाची गाय, कुणाचा भोपळा, कुणाची पापडी, सगळं त्यांच्या वळणदार अक्षरात. एकदा ते खालांना म्हणाले होते, "शेती रायली नाय, पण शेतकऱ्यांची नावं लिवतो, तेवढंच."

पहिल्या वर्षी खालांना उत्तेजनार्थ मिळालं. परीक्षकांनी शेरा लिहिला होता, 'चव उत्तम. मांडणीकडे लक्ष द्यावे.' मी तो वाचून दाखवला. खाला विचारात पडल्या. पुढच्या वर्षी त्यांनी ताटलीवर घालायला क्रोशाचा गोल रुमाल विणला, कडेला निळे मणी लावलेला. तंबूतल्या बाईंना वाटलं तो हस्तकलेत द्यायचा आहे. त्यांनी तो उचलून तिकडे नेला आणि रुमालाला तिसरा नंबर मिळाला. नानखटाईला पुन्हा उत्तेजनार्थ. "ताटाला बक्षीस दिलं आन् जेवणाला नाय!" असं सांगत त्या गल्लीभर हिंडल्या, पण त्यानंतर दोन्ही स्पर्धांत दोन वस्तू द्यायच्या हे ठरूनच गेलं. पुढे नानखटाईला तिसरा नंबर आला, मग दुसरा. पहिला कधी आला नाही. मला राग यायचा. त्यांना यायचा नाही असं नाही, पण तो रिक्षात बसेपर्यंतच टिकायचा.

"खाला, तुम्ही विकत का नाही? ऑर्डरी घ्या," असं त्यांना सगळेच सांगायचे. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "विकली की ती पुडक्यात जाते. खाणाऱ्याचं तोंड मला बघायला मिळत नाय." आणि खरोखरच त्या तोंड बघायच्या. कुणाला नानखटाई दिली की स्वतः समोर उभ्या राहायच्या, तो पहिला घास गिळेपर्यंत हलायच्या नाहीत. नवीन माणूस ओशाळायचा. आम्हाला सवय झाली होती.

त्यांचा मुलगा इम्तियाज दोह्याला होता. आईवर त्याचा जीव. एका सुट्टीत तो विजेवरचा ओव्हन घेऊन आला. "अम्मी, आता धूर नको, कोळसे नको." खालांनी त्यात एकदाच नानखटाई केली. मग ओव्हन पुसून कपाटावर ठेवला आणि आत लोकरीचे गुंडे भरले. इम्तियाजने फोनवर विचारलं की म्हणायच्या, "छान चालतो. रोज उघडते." मला म्हणायच्या, "त्याच्यात आवाज येतो तो मशीनचा. बिस्किटांचं बोलणं ऐकूच येत नाय."

क्रोशाही मी त्यांच्याकडेच शिकले. माझं लग्न झालं, मी रुळांपलीकडे नव्या पनवेलला राहायला गेले, शाळेत नोकरी लागली, मुलगी झाली. तरी पंधरा दिवसांतून एकदा दुपारची खालांकडे जायची. त्या सुई कशी धरायच्या, मणी ओवताना दोरा दातात कसा पकडायच्या, कडेच्या शेवटच्या फेरीत एक टाका मुद्दाम सैल कसा सोडायच्या, ते सगळं माझ्या हातात उतरलं. तो सैल टाका म्हणजे त्यांची सही होती. "घट्ट विणलं की कपडा रुसतो," असं त्यांचं म्हणणं.

शेवटच्या वर्षी डिसेंबरात त्यांना खोकला धरला. मुंबईला तपासण्या झाल्या. फुप्फुसाचं होतं. काय ते त्यांनी मला सांगितलं नाही. "डाक्तर म्हणतो धुरापाशी बसू नको," एवढंच म्हणाल्या. इम्तियाज रजा काढून येणार होता. मी फॉर्म घेऊन गेले तेव्हा त्या तक्क्याला टेकून बसल्या होत्या. तरी हात धुऊन आल्या, ओढणी नीट केली. मी म्हटलं, "खाला, यंदा राहू दे ना." त्या म्हणाल्या, "यंदा राहिलं तर राहिलंच, बाय. लिव." मी लिहिलं. व्यवसाय: बिस्किटं करते. शेतजमीन: खिडकीत पुदिना. वस्तू: यंदा फक्त नानखटाई. त्यांनी उर्दूत सही केली. प्रदर्शनाच्या आधी नानांकडे पोचवायचा म्हणून मी फॉर्मची घडी घातली आणि पर्सच्या मागच्या कप्प्यात ठेवली.

तो तिथेच राहिला.

माझ्याकडे कारणं आहेत. शाळेत सहामाहीच्या गुणपत्रकांचा गोंधळ होता, मुलीला गोवर झाला होता. पण एक गोष्ट कुठल्याच कारणात बसत नाही. त्या वर्षी आमच्या शाळेतल्या शिक्षिकांनी मिळून प्रदर्शनात भाग घ्यायचं ठरवलं होतं आणि माझाही फॉर्म भरला होता, हस्तकलेचा. मी निळ्या मण्यांचा रुमाल विणला होता. खालांना सांगितलं नव्हतं, अचानक दाखवून त्यांना चकित करायचं होतं. शाळेतले सगळे फॉर्म शिपाई घेऊन गेला. माझा फॉर्म वेळेत पोचला. खालांचा माझ्या पाठीला लागून रोज शाळेत आला आणि रोज घरी गेला.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी मी त्यांना घ्यायला गेले. त्या तयार होत्या. खोलीत कोळशाचा वास होता. खिडक्या उघड्या टाकून, तोंडाला ओढणी बांधून त्यांनी पहाटे भट्टी लावली होती. डबा मांडीवर घेऊन रिक्षात बसल्या, पुलावर रिक्षा आदळली की डबा उचलून धरायच्या. "यंदा अशा भेगा पडल्यात," त्या मला म्हणाल्या, "की मीच बघत बसले." एवढं बोलायला त्यांना दोनदा थांबावं लागलं.

टेबलावर नाना होते. त्यांनी रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं. पान उलटलं. पुन्हा पहिल्या पानावर आले.

"खाला, तुमचा फॉर्म आला नाय."

त्या क्षणी माझा हात पर्सकडे गेला. मला कागदाची घडी बाहेरूनही जाणवली. मी तेव्हाच बोलले असते तर काय झालं असतं? खाला रागावल्या असत्या, कदाचित. त्याहून जास्त काही झालं नसतं. पण शेजारी माझ्या शाळेच्या मुख्याध्यापिका उभ्या होत्या, मागे रांग होती, आणि माझ्या तोंडून निघालं, "मी दिला होता, नाना. आठ दिवस झाले."

नानांनी माझ्याकडे बघितलं. मग टेबलाखालची पेटी वर घेतली आणि सगळे फॉर्म एकेक करून काढले. दोनदा बघितले. तंबूत ताटल्यांना अनुक्रमांक लागले होते, परीक्षक आत गेले होते, आता नवीन नाव घेता येणार नव्हतं. "माज्याकडूनच कुटं पडला आसंल," ते म्हणाले. "खाला, माफ करा. म्हातारा झालो."

"नाना, असं काय बोलता?" खाला म्हणाल्या. "तुमी काय मुद्दाम केलंत?" आणि त्यांनी डबा तिथेच टेबलावर उघडला. पहिली नानखटाई नानांच्या हातात दिली आणि समोर उभ्या राहिल्या. नानांना घास गिळता येईना. मग खालांनी रांगेतल्या सगळ्यांना वाटली. भोपळेवाल्याला, वालाच्या शेंगा घेऊन बसलेल्या बायकांना, बैलांच्या मालकांना, माझ्या मुख्याध्यापिकेला. लोक "वा, वा" म्हणत होते. पहिला नंबर नक्की, कुणीतरी म्हणालं. डबा रिकामा झाल्यावर त्या मला म्हणाल्या, "चल, आत बघून येऊ."

आत माझा रुमाल होता. वर दुसऱ्या क्रमांकाची चिठ्ठी. खाला लांबूनच थबकल्या. जवळ गेल्या, कडेवर बोट ठेवून शेवटच्या फेरीत सैल टाका शोधला, आणि तो सापडला. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. चिठ्ठीवरचं नाव त्यांना वाचता आलं असेल की नाही, मला माहीत नाही. वाचायची गरज नव्हती.

"तू दिलास?"

मी मान हलवली.

"हा माजा हात हाय," त्या म्हणाल्या आणि माझ्या गालावरून बोटं ओवाळून कानशिलावर मोडली. "माज्या हाताला नंबर आला, बाय." त्या खरंच खूश झाल्या होत्या. तेवढा आनंद मला त्या दिवशी झेपला नाही.

त्यानंतर तीन आठवडे मी त्यांच्याकडे गेले नाही. फोन केला की त्या नानांबद्दल सांगायच्या. नाना घरी येऊन गेले. वालाच्या शेंगांची पिशवी ठेवून गेले, पुन्हा माफी मागितली. पुढच्या आठवड्यात परत आले. "चांगला माणूस हाय," खाला म्हणायच्या, आणि पुढे काहीच बोलायच्या नाहीत, मी काही बोलेन म्हणून वाट बघितल्यासारख्या. मी विषय बदलायची.

शेवटी एका रविवारी मी गेले. इम्तियाज आला होता. त्याने दार उघडलं आणि औषध आणायला म्हणून बाहेर पडला. खाला पलंगावर होत्या, अर्ध्या झालेल्या. मी स्टूल ओढून बसले आणि म्हटलं, "खाला, तुमचा फॉर्म मी दिलाच नव्हता. माझ्या पर्समध्ये राहिला. मी खोटं बोलले."

त्या म्हणाल्या, "ठाऊक हाय."

"कधीपासून?"

"तिथंच. तुजा हात पर्सवर गेला ना." त्यांनी माझा हात धरला. त्यांची बोटं गरम होती. "इसरणं काय, माणूस इसरतो. माजं काय गेलं? मी सगळ्यांची तोंडं बघितली. एवढी तोंडं मी जिंदगीत एकदम नव्हती बघितली."

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं. मग त्यांचा आवाज बदलला. तसा आवाज मी त्यांचा आधी कधी ऐकला नव्हता.

"माज्यापाशी रडून काय उपेग? त्या माणसानं रजिस्टर सोडलं. म्हणतो, माजा आता भरवसा नाय, दुसऱ्याला द्या. मी त्याला म्हटलं, नाना, तुमची चूक नाय. तो म्हणतो, तुमी मन राखायला बोलता. मी तुजं नाव घेतलं नाय. ते तुज्या तोंडून जायला पायजे. उद्या जा."

"जाते."

"उद्याच जा, बाय. मग येऊन मला सांग."

मी उद्या गेले नाही. परवाही नाही. शाळेचं स्नेहसंमेलन होतं, पण ते काही कारण नव्हतं. मला त्या म्हाताऱ्या माणसासमोर उभं राहायची लाज वाटत होती. रोज वाटायचं, उद्या. खालांना तोंड दाखवायचं तर आधी नानांकडे जायला हवं, म्हणून मी खालांकडेही गेले नाही. असे नऊ दिवस गेले.

दहाव्या दिवशी शाळेला दांडी मारून ओव्याला गेले. नाना ओटीवर बसून शेंगा सोलत होते. मला ओळखून उठायला लागले. मी त्यांना बसवलं आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पर्समधून तो फॉर्म काढून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो उलगडला. 'खिडकीत पुदिना' या ओळीपाशी त्यांची नजर थांबली. ते चिडतील, मला बोलतील, अशी मी वाट बघत होते.

"म्हंजे मी इसरलो नव्हतो," नाना म्हणाले.

मला आधी कळलं नाही. त्यांनी आत हाक मारली, "ऐकलंस का गं? मी इसरलो नव्हतो!" आणि मग मला सांगायला लागले. त्या दिवसापासून त्यांना वाटत होतं की आपलं डोकं चाललं. थोरल्या भावाचं तसंच झालं होतं, शेवटी त्याला घरची माणसं ओळखू येईनात. नानांनी एकट्याने बाजारात जाणं सोडलं होतं. गॅस बंद केला का, कडी लावली का, चार-चारदा उठून बघायचे. रजिस्टर दिलं, बँकेचे कागद मुलाच्या हवाली केले. एक महिना हा माणूस स्वतःला घाबरून जगत होता. आणि आता माझ्यावर रागवायचं सोडून तो हसत होता, डोळे पुसत होता, बायकोला चहा टाकायला सांगत होता.

"तू आलीस ते बरं झालं, पोरी," ते म्हणाले. "जा, खालांना सांग. त्यांना बरं वाटंल. मी पण येतो उद्या."

मी तिथून थेट गल्लीत आले. खालांच्या दाराला कुलूप होतं. शेजारच्या बाईंनी सांगितलं, श्वास लागला म्हणून सकाळीच मुंबईला नेलं. मी इम्तियाजला फोन लावला. मागे कुणीतरी नाव पुकारत होतं, त्याचा आवाज नीट येत नव्हता. अम्मी आयसीयूत आहे, तो म्हणाला. दिवसातून एकदा एकालाच आत सोडतात. कधी शुद्धीवर असते, कधी नसते.

"इम्तियाज, त्यांना माझा एक निरोप सांग. म्हणावं, ताई नानांकडे जाऊन आली. एवढंच सांग. त्यांना कळेल."

"नानांकडे जाऊन आली. सांगतो, ताई."

तिसऱ्या दिवशी खाला गेल्या.

त्यांना पनवेलला आणलं. घर बायकांनी भरलं होतं. मी भिंतीला टेकून बसले, माझ्या जुन्या घराच्या भिंतीला. कुणीतरी बाई कुराण वाचत होती. भिंतीवरची अकरा घड्याळं आपापली वेळ दाखवत होती. पुरुष मयत घेऊन निघाले तेव्हा मी खिडकीतून बघितलं. जोशी आजोबांचा मुलगा होता, बाजारातले दुकानदार होते, आणि सगळ्यात मागे, डोक्याला रुमाल बांधून, नाना होते. एकटेच आले होते. कुणाचा हात न धरता चालत होते.

दहा-बारा दिवसांनी इम्तियाज परत जायला निघाला. घर आवरून चावी शेजारी देणार होता. मी भेटायला गेले. ओव्हन त्याने कपाटावरून खाली काढला होता आणि आतले लोकरीचे गुंडे बघून तो जमिनीवर बसला होता. "मला सांगायची, रोज उघडते म्हणून," तो म्हणाला आणि हसायचा प्रयत्न केला. मी त्याच्याशेजारी बसले. मला विचारायचं नव्हतं. पण त्या तीन दिवसांत मी दुसरा कसलाच विचार केला नव्हता, आणि नंतरच्या दहा दिवसांतही.

"इम्तियाज, माझा निरोप सांगितलास का रे त्यांना?"

"कुठला निरोप, ताई?"

मग त्याच्या लक्षात आलं. त्याचा चेहरा बदलत गेला तो मी बघितला.

"नानांचा... या अल्लाह. ताई, मी आत गेलो की तिच्याकडे बघतच राहायचो. दोनदा डोळे उघडले तिने, माझ्याशी बोलली पण. मग ते डॉक्टर, ते कागद... माझ्या ध्यानातच राहिलं नाही." त्याने माझा हात पकडला. "महत्त्वाचं होतं का काही?"

त्याची बोटं अगदी खालांसारखी होती, लांब आणि टोकाशी चपटी. मी त्यांच्याकडे बघत राहिले.

"नाही रे," मी म्हटलं. "काही विशेष नव्हतं. असंच."

तो रडायला लागला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसले, बराच वेळ.